सातवा रकाना

ये, ओतिया. पाव टेबलावर ठेव.
अजून गरम आहे, म्हणजे भट्टीवरून सरळ वर आलास,
बुटांना मँगनीजची काळी पूड तशीच.
असू दे. फरशी मीच पुसते, पगारात धरलंय ते.

ही खोली सहा पावलांची. भिंतींत शिसं.
बाहेर, बोगद्याच्या टोकाला, ते यंत्र.
त्यातून माणूस मागे जातो, काहीतरी बदलून येतो,
आणि खालचं सगळं गाव, नदीकाठच्या दुकानांसकट,
एकाएकी आधीपासूनच तसं असतं.
फक्त या खोलीत जे असेल ते राहतं.
नोंदवही. शिक्का. स्टोव्ह.
मी.

तुझा भाऊ वार्देन आला तेव्हा बर्फ पडत होतं.
सहा रकाने त्याने नीट भरले:
नाव, खाणीचा क्रमांक, कुठल्या दिवशी जाणार, किती मिनिटं.
कारण, रोपवेचा पाळणा तुटला, त्यात ओतिया होता.
सातवा रकाना: या बदलाने कोण नाहीसं होईल.
‘कोणी नाही,’ त्याने लिहिलं.
मीही वाचलं, कोणी नाही,
आणि शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडून
उमटवला.

त्याच दिवशी सकाळी झाझाचा दात पडला होता.
पहिलाच. काडेपेटीत घालून माझ्याकडे दिला,
‘हरवू नकोस,’ असं दोनदा बजावून.

संध्याकाळी घरी गेले. दाराच्या चौकटीवर
त्याच्या उंचीच्या पेन्सिलखुणा नव्हत्या.
अंझोरचा कोट नव्हता.
पलंग एकच, तोही अरुंद.
दुसऱ्या दिवशी दूधवाली म्हणाली,
एकटीला तीन बाटल्या कशाला गं?

मग जुळवत बसले, उसवलेल्या स्वेटरचा धागा गुंडाळावा तसं:
तू गेलास म्हणून जागा रिकामी झाली,
त्या जागेवर झेस्ताफोनीहून अंझोर आला,
पाळण्यात त्याने माझ्याकडे सुटे मागितले,
माझ्याकडे नव्हते.
एवढ्यावरून सगळं.
आता तू वाचलास. जागा रिकामी झालीच नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा व्रण पाहिला.
कागदोपत्री मला मूल नाही.
‘कसलं ऑपरेशन?’
म्हटलं, अपेंडिक्स.
‘इथे?’ म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

कुठल्या काळात बोलावं त्याच्याबद्दल?
‘होता’ म्हणावं तर गावात साक्षीदार नाही,
‘नव्हता’ म्हणावं तर टाके खोटे पडतात.
शाळेत शिकवलेले सगळे काळ घालून पाहिले त्याला,
एकही त्याच्या मापाचा नाही.

अर्ज मलाही करता येतो. नियम सगळ्यांना सारखा.
दर जानेवारीत एक कोरा कागद काढते,
सहा रकाने भरते. अक्षर माझं चांगलं आहे.
सातव्यात लिहायचं तुझं नाव.
आणि तुझ्या मुलींची, नियमाप्रमाणे, वेगवेगळ्या ओळींत.
धाकटीला अजून ‘नाझीब्रोला’ म्हणता येत नाही,
मध्येच अडकते, हसते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.
मी ‘ओतिया’तला ओ काढते.
इतका गोल येतो तो.
मग स्टोव्हचं झाकण उघडते.
सरकारी कागद, पण जळतो चांगला.

चल, निघू. शेवटचा पाळणा तूच चालवतोस.
खाली नदी, शाईसारखी.
तार करकरते, तू म्हणतोस तेल द्यायला हवं,
तीन वर्षं हेच म्हणतोयस.
आणि बरोबर मधोमध,
जिथे काहीच झालं नाही तिथे,
तू ओठांत सिगारेट धरतोस, खिसे चाचपतोस.
‘नाझी, काडेपेटी असेल?’

वारा असतो. पाळणा हलतो.
माझ्या खिशात काहीतरी बारीकसं
खुळखुळतं.

‘नाही रे,’ म्हणते मी.